शितावरून भाताची परीक्षा, पण पातेलं कुणाचं?

ताई, नमस्कार.

कोल्हापुरात आमची १६ जणांची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. पतसंस्थांचं काम करतो: ठेवी, कर्ज, पिग्मी (एजंट दारोदार फिरून गोळा करतो ती रोजची बचत), डे-एन्ड म्हणजे दिवसअखेरचा हिशेब वगैरे. आधी नुसत्या गप्पा मारून माणसं घ्यायचो. त्यात दोनदा सपशेल फसलो. बोलण्यात वाघ, कामाला बसवलं की शेळी. म्हणून गेल्या वर्षापासून बायोडेटा बघून झाला की थेट असाइनमेंट पाठवतो. पिग्मी एजंटासाठी वसुलीचं मोबाइल अ‍ॅप करायचं, लॉगिनपासून पावतीपर्यंत सगळं. गुरुवारी पाठवतो, सोमवारी सकाळी परत मागतो, म्हणजे नोकरी करणाऱ्यालाही शनिवार-रविवार मिळतो.

या वेळी एका जागेसाठी २३ जणांना पाठवली. ९ जणांनी करून दिली. त्यातल्या ६ इतक्या सारख्या की एकाच साच्यातून काढल्यासारख्या. एआयकडून करून घेतल्यात हे कळायला फार वेळ लागला नाही. आणि ज्यांच्याकडून सगळ्यात जास्त अपेक्षा होती, त्या बाईंनी (८ वर्षांचा अनुभव, सध्या हिंजवडीत, आईवडिलांसाठी कोल्हापूरला परत यायचंय) दोन ओळींचं उत्तर पाठवलं: ‘तुमच्या कंपनीतल्या कुणाशी एक शब्द बोलणं व्हायच्या आधी दोन दिवसांचं काम फुकट करणं मला जमणार नाही. शिवाय हे तुमचं पुढचं प्रॉडक्टच दिसतंय.’

माझा पार्टनर म्हणतो, ज्याला दोन दिवस काढता येत नाहीत त्याला नोकरीची गरजच नाही, सोडून दे. माझी बायको पण आयटीत आहे. ती म्हणते, त्या बाईंचं बरोबर आहे, मीही केली नसती. (खरं सांगायचं तर ते अ‍ॅप आमच्या पुढच्या कामांच्या यादीत आहे. पण आलेल्यातलं आम्ही काही वापरलेलं नाही. दोन-तीन कल्पना मात्र आवडल्या.) काय करू? असाइनमेंट बंद करू का?

एक उद्योजक, कोल्हापूर

*

नमस्कार.

बंद करू नका. पण सध्या जी पाठवताय ती आजपासून कुणालाही पाठवू नका.

आधी तुमच्या पार्टनरच्या तोंडचा ‘गरज’ हा शब्द घेऊ. तो रागात बोलला असेल, पण तुमची असाइनमेंट नेमकं काय मोजते ते त्याने अगदी बरोबर सांगितलंय. ती गरज मोजते. कोड कसा लिहिता येतो ही पुढची गोष्ट. पहिली चाळणी लागते ती सोमवारपर्यंत सोळा तास कुणाकडे मोकळे आहेत याची. हिंजवडीहून रात्री साडेआठला घरी टेकणारा, शनिवारी प्रॉडक्शनचं रिलीज अंगावर असणारा, सासऱ्यांना डायलिसिसला नेणारी, हातात दुसरी ऑफर असल्यामुळे तुमच्या ईमेलकडे ‘बघू नंतर’ म्हणून पाहणारा, हे सगळे त्या १४ जणांत आहेत. चाळणीतून पीठ खाली पडतं आणि कोंडा वर राहतो. तुम्ही वरचं ठेवून घेताय आणि खालचं गेलं म्हणून हळहळताय.

जरा हिशेब मांडू, पतसंस्थांचं काम करणाऱ्याला तो आवडेल. दोन दिवस म्हणजे १६ तास धरा. २३ जणांचे झाले ३६८ तास. रोजचे आठ तास धरले तर ४६ दिवस. एक जागा भरण्यासाठी तुम्ही अनोळखी लोकांकडे ४६ दिवसांचं काम मागितलंत. तुमच्या बाजूने काय खर्च झालं? एक ईमेल आणि २३ पत्ते. आलेल्या नऊ असाइनमेंट तुम्ही प्रत्येकी अर्धा तास जरी पाहिल्या असतील तरी साडेचार तास. हा तराजू एवढा कललेला आहे, आणि उमेदवाराला तो लगेच दिसतो. त्या बाईंनी तेच दोन ओळींत लिहिलं.

आता, तरीही बंद का करू नका म्हणते ते सांगते.

माणूस कामावर कसा निघेल याचा अंदाज कशावरून चांगला लागतो, यावर मानसशास्त्रज्ञांनी गेली शंभर वर्षं डोकं खपवलंय. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या दोघांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांचं असं संशोधन एकत्र करून मांडलं. शून्य म्हणजे काहीच अंदाज नाही आणि एक म्हणजे अचूक अंदाज, अशी मोजपट्टी धरली तर प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणं या पद्धतीला त्यांनी ०.५४ दिले होते, यादीत सगळ्यात वर. पुढे २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या हिशेबातल्या चुका काढून तो पुन्हा केला. कामाचा नमुना ०.३३ वर आला. वरचं स्थान गेलं ते ठरावीक प्रश्नांच्या, आखीव मुलाखतीला: ०.४२. आणि तुम्ही पूर्वी करत होता तशा गप्पांच्या मुलाखतीला? ०.१९. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलगा कसा वाटला, त्यावरून संसार कसा होईल हे सांगण्यासारखंच ते. तेव्हा तुम्ही दोनदा फसलात यात नवल नाही, दोनदाच फसलात यात आहे.

मात्र एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. त्या संशोधनातला ‘कामाचा नमुना’ म्हणजे बहुतेकदा समोर बसवून, सगळ्यांना सारखा वेळ देऊन, आधी ठरवलेल्या मोजपट्टीने तपासलेलं काम. ‘हे घ्या, सोमवारपर्यंत अ‍ॅप करून आणा’ याला ते आकडे तसेच्या तसे लावता येत नाहीत. घरी कुणी सहा तास घालवले, कुणी तीस तास, कुणाचा चुलतभाऊ मदतीला बसला, हे तुम्हाला कळत नाही. म्हणजे तुम्ही वेगवेगळ्या मापाची भांडी तोलताय.

मग समोर बसवूनच का घेऊ नये? फळ्यापाशी उभं करायचं, ‘लिही कोड’ म्हणायचं. ते तर आणखी वाईट. २०२० मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ४८ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. प्रश्न सारख्याच तऱ्हेचा. निम्म्यांनी तो फळ्यावर, बघणाऱ्यासमोर, बोलत बोलत सोडवायचा; निम्म्यांनी खोलीत एकट्याने. बघणारा समोर होता त्यांची कामगिरी निम्म्याहून खाली घसरली. मुलींच्या बाबतीत तर समोर बसवलेल्या एकीलाही उत्तर जमलं नाही आणि एकटीला सोडलेल्या प्रत्येकीला जमलं. मुलींची संख्या फार नव्हती, त्यामुळे यावरून मोठा सिद्धांत काढू नका. पण फळ्यावर कोडिंगपेक्षा घाबरणं जास्त मोजलं जातं, एवढं तरी मान्य करायला हरकत नाही. मॅक हा संगणक वापरणाऱ्या प्रोग्रामरांमध्ये होमब्रू नावाचं साधन घरोघरी आहे. ते ज्याने लिहिलं त्या मॅक्स हॉवेललाच गूगलने नाकारलं होतं. फळ्यावर एक पुस्तकी कोडं सुटलं नाही म्हणून, असं त्याने २०१५ मध्ये स्वतःच ट्विट करून सांगितलं होतं, एका शिवीसह.

शिवाय घरून करायच्या कामाचा एक फायदा मी डोळ्यांनी पाहिलाय. मी बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, त्यातली निम्मी माणसं निवडण्यात गेली. एकदा आमच्याकडे इचलकरंजीचा एक डिप्लोमावाला पोरगा आला. इंग्रजी अडखळत, कॉलेजचं नाव कुणाला माहीत नाही, मुलाखतीत हाताला घाम. माझे सहकारी त्याला दहा मिनिटांत वाटेला लावणार होते. त्याने घरून करून आणलेलं काम उघडलं आणि टेबलाभोवती शांतता पसरली. प्रत्येक चुकीच्या नोंदीचा विचार केलेला, आणि शेवटी शुद्ध मराठीत लिहिलेली टीप: ‘व्यापाऱ्याने तारीख उलटी घातली तर काय करायचं हे तुम्हाला विचारायचं राहिलं.’ हा मुलगा बोलून कधीच निवडला गेला नसता. कोल्हापूर, सांगली, इस्लामपूर, निपाणी इकडून तुमच्याकडे असेच अर्ज येणार. तेव्हा असाइनमेंट हवीच. फक्त ती शिताएवढी हवी. तुम्ही अख्खं पातेलं शिजवून मागितलंत.

आणि पातेलं कुणाचं, हा त्या बाईंचा दुसरा मुद्दा. तुम्ही तो कंसात टाकलाय. मला तो सगळ्यात गंभीर वाटतो.

कायदा आधी सांगून टाकते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम ‘साहित्यकृती’त धरलेला आहे. कलम १७ प्रमाणे कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता. नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, मालकाचं होतं. पण उमेदवार तुमचा नोकर नाही, अजून व्हायचाय. हक्क तुमच्या नावे करायचा तर कलम १९ प्रमाणे सहीनिशी लेखी लागतं. म्हणजे आलेल्या नऊ असाइनमेंटमधली एक ओळही तुमची नाही. कल्पनेवर मात्र कॉपीराइट नसतो. त्यामुळे त्या ‘आवडलेल्या दोन-तीन कल्पना’ उद्या अ‍ॅपमध्ये उतरल्या तर कोर्टात तुमचं कुणी काही वाकडं करणार नाही.

पण कोल्हापूर केवढंसं? तुमचं अ‍ॅप आलं, नाकारलेल्यांपैकी कुणाच्या मामाच्या पतसंस्थेत बसलं, आणि त्याने स्वतःचा स्क्रीन ओळखला, की त्याच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री जे लिहिलं जाईल त्याला तुमच्याकडे उत्तर नसेल. ‘आम्ही वापरलं नाही’ हे खरं असलं तरी कुणाला पटणार नाही. आपल्याकडे वेठीला धरणं हा शब्दप्रयोग उगाच नाही आला. वेठ म्हणजे मोबदल्याशिवाय दुसऱ्याचं काम करायला लागणं. तुमचा हेतू तो नव्हता हे मी मानते. पण पुढच्या यादीतलंच काम परीक्षेला लावलंत, आणि बाहेरून बघणाऱ्याला हेतू दिसत नाही, यादी दिसते.

म्हणून नियम एकच ठेवा: जे काम अजून व्हायचंय ते परीक्षेत नको. जे होऊन गेलंय, ज्याचं उत्तर तुमच्याकडे तीन वर्षांपूर्वीपासून आहे, तेच द्यायचं. त्यात तुमचाही फायदा आहे. उत्तर माहीत असलं की तपासणं सोपं जातं, आणि त्या प्रश्नात तुमच्या माणसांनी कुठे कुठे ठेचा खाल्ल्या हेही आठवत असतं.

तुमच्या क्षेत्रातलंच एक सुचवते. पिग्मी एजंट दिवसभर दुकानं फिरतो, मोबाइलवर पावत्या करतो. गगनबावड्याकडे कुठे रेंज गेली की पावत्या फोनमध्येच साठतात आणि संध्याकाळी रेंज आली की एकदम सर्व्हरवर चढतात. अर्ध्यात पुन्हा रेंज जाते. फोन ‘पोचलं नाही’ समजून परत पाठवतो. सर्व्हरवर मात्र आधीच पोचलेलं असतं. पानटपरीवाल्याचे ५० रुपये १०० होतात, खतावणी जुळत नाही आणि रात्री नऊला शाखाधिकाऱ्याचा फोन येतो. ही भानगड तुमच्याकडे झालेली नसेल तर मी हा लेख मागे घेते.

आता त्या भानगडीभोवती अडीचशे-तीनशे ओळींचा कोड तयार करा. चालणारा, पण आत तो दोष असलेला. उमेदवाराला कोरी पाटी देऊ नका. कोरी पाटी दिली की निम्मा वेळ लॉगिनचा स्क्रीन, रंग, बटणं यात जातो, आणि त्यातून तुम्हाला कळतं काय? तुमच्याकडे येणारा माणूस पहिल्या दिवसापासून दुसऱ्याने लिहिलेल्या जुन्या कोडमध्येच हात घालणार आहे. तेच करून बघा. तीन गोष्टी मागा: पावती दुबार का पडते ते शोधा, दुरुस्त करा, आणि पतसंस्थेच्या मॅनेजरला यावर काय काय विचाराल ते अर्ध्या पानात लिहा. मराठीत लिहिलं तरी चालेल हे आवर्जून सांगा. माझ्या मते त्या अर्ध्या पानातच माणूस सगळ्यात जास्त दिसतो. इचलकरंजीच्या पोरात मला तो त्याच्या टिपेत दिसला होता.

(नमुन्याच्या फाइलीत खऱ्या खातेदारांची नावं, मोबाइल नंबर, आधार क्रमांक चुकूनही जाऊ देऊ नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे तो आहेच, पण संचालक मंडळाला कळलं तर तुमचं गिऱ्हाईकच जाईल.)

वेळ दोन तास. दोन तास म्हणजे खरेच दोन तास का, हे बघण्याचा एकच उपाय मला माहीत आहे: तुमच्यातल्या कुणाला तरी करायला बसवा, ज्याने तो प्रश्न आधी पाहिलेला नाही. पार्टनरला बसवलंत तर उत्तम. घड्याळ लावा. त्याला एक तास लागला तर बाहेरच्याला दोन लागतील, कारण पिग्मी म्हणजे काय इथपासून त्याची सुरुवात आहे. त्याला तीन लागले तर प्रश्न लहान करा. ‘काम सोपं आहे, दोन तासांचं’ असं लिहिलेल्या आणि प्रत्यक्षात दोन रात्री खाणाऱ्या असाइनमेंट मी ढिगाने पाहिल्यात. लिहिणाऱ्याने स्वतः कधी करूनच पाहिलेल्या नसतात. सगळं लगेच सुरू होईल असं बांधून द्या. सेटअप करण्यातच तास गेला तर तो तुमच्या हिशेबात धरायचा.

एआयचं काय? तुम्ही त्या सहा सारख्या असाइनमेंटचा राग उमेदवारांवर काढताय. माझ्या मते दोष प्रश्नाचा आहे. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं, त्यानंतर ‘लॉगिनपासून पावतीपर्यंत साधं अ‍ॅप’ हा प्रश्न प्रश्नच उरला नाही. ते तर ही साधनं चहा उकळेपर्यंत करून देतात, आणि सगळ्यांना सारखंच करून देतात. ‘एआय वापरू नये’ अशी ओळ घातलीत तर प्रामाणिक माणूस ती पाळेल आणि मागे पडेल, दुसरा पाळणार नाही. तुमच्या ऑफिसात आज कुणी वापरत नाही का? मग सरळ लिहा: वापरा, कुठे वापरलं ते सांगा, आणि जे द्याल त्यातली प्रत्येक ओळ समजावून सांगायची तयारी ठेवा.

कारण असाइनमेंट ही खरं तर अर्धीच परीक्षा. उरलेली अर्धी म्हणजे त्यानंतरच्या पाऊण तासाच्या गप्पा, ज्यात तुम्ही आणि उमेदवार तोच कोड समोर ठेवून बसता. ‘इथे पावती क्रमांकाऐवजी वेळ का धरलीत?’ ‘उद्या एजंटाने मध्येच फोन बदलला तर?’ ‘दोन फोनवर एकच एजंट असेल तर?’ ज्याने स्वतः विचार केलाय तो थांबतो, ‘अरे हो, हे राहिलं’ म्हणतो आणि तिथेच बदलायला लागतो. ज्याने नुसतं चिकटवलंय तो पाठ केलेलं बोलतो आणि दुसऱ्या प्रश्नाला सुकतो. यात एआय पकडायचा खटाटोपच उरत नाही. शिवाय गप्पा स्वतःच्या कामावर चालल्या की फळ्यापाशी थरथरणारा माणूसही मोकळा बोलतो. सगळ्यांना तेच पाच-सहा प्रश्न विचारलेत, आणि आलेली कामं उघडण्याआधीच कशाला किती गुण हे ठरवून दोघांनी वेगवेगळे लिहिलेत, की ती आखीव मुलाखतसुद्धा होते. ०.४२ वाली.

पाऊण तास तुमचाही जाणार. म्हणूनच २३ जणांना पाठवता येणार नाही, आणि हीच त्यातली चांगली बाजू आहे. बायोडेट्यावरून आठ-दहा निवडा, त्यांच्याशी प्रत्येकी वीस मिनिटं फोनवर बोला. आपण काय करतो, पगार साधारण किती, घरून काम चालेल का, त्यांचा नोटीस पिरियड ६० दिवसांचा की ९०. निम्मे तिथेच गळतील, काहींना तुम्ही गाळाल, काही तुम्हाला. उरलेल्या तीन-चारांनाच असाइनमेंट. ज्याला घरी शांतता नाही त्याला शनिवारी ऑफिसात येऊन एका खोलीत एकट्याने करायची मुभा द्या. वन बीएचकेमध्ये सहा जण राहतात अशा घरातून मीही आलेय, तिथे दोन तास मिळणं म्हणजे दिवाळी.

पार्टनर यावर म्हणेल, एवढं करण्यापेक्षा तीन महिने प्रोबेशनवर घेऊन बघू. जो आज बेकार आहे त्याच्या बाबतीत ठीक. ज्याने ९० दिवसांची नोटीस देऊन पक्की नोकरी सोडायचीय, त्याला ‘ये, बघू जमतंय का’ म्हणणं सभ्यपणाचं नाही.

पैशांचं विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतंत. दोन तासांसाठी नाही दिलेत तरी चालेल. त्याच्या पुढे गेलात, अर्धा दिवस, एक दिवस मागितलात, तर द्या. वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेस या साधनामागची ऑटोमॅटिक ही कंपनी उमेदवारांना काही आठवडे खऱ्याखुऱ्या कामावर घेऊन बघायची, आणि त्याचे तासाला २५ डॉलर मोजायची. कुठल्याही पदाला तोच दर. तिचे प्रमुख मॅट मलनवेग यांनी २०१४ मध्ये हे सविस्तर लिहिलं होतं. अमेरिकेतलं सोडा, आपल्याकडच्या कित्येक सरकारी कंपन्याही मुलाखतीला येणाऱ्याला रेल्वेचं भाडं देतात. माणूस आपल्यासाठी वेळ काढून येतो तर त्याला पदरमोड पडू नये, एवढाच त्यामागचा विचार. तुम्ही १५०० रुपये दिलेत तर तुमचं दिवाळं निघत नाही. उलट देणं लागतं म्हटल्यावर आपोआप तुम्ही चारच जणांना बोलवाल.

आणि उत्तर. प्रत्येकाला, नाकारलेल्यालाही, आठवड्याच्या आत, त्याच्या कामाबद्दल तीन-चार ओळी तरी. ‘दुबार पावतीचं कारण बरोबर शोधलंत, पण दुरुस्ती सर्व्हरवर न करता फोनमध्ये केलीत, तिथे ती टिकत नाही’ एवढं पुरतं. माझी चूक सांगते. काही वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होते तिथे एका मुलाला आम्ही असाइनमेंट दिली. त्याने रविवारी रात्री पाठवली. सोमवारी वरून निरोप आला की जागा आतल्या माणसाला द्यायची. मी त्याची फाइल उघडलीच नाही, आणि कळवायचंही राहून गेलं. ‘राहून गेलं’ हा शब्द आपण किती सहज वापरतो बघा. लाज वाटत होती म्हणून टाळलं, हे खरं. तीन वर्षांनी मी माझ्या टीमला घेऊन एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे प्रेझेंटेशनला गेले तर टेबलाच्या पलीकडे तो. ओळख दिली, चहा मागवला, सगळं नीट झालं. निघताना दारापाशी त्याने विचारलं, ‘मॅडम, ते उघडून तरी पाहिलं होतं का?’ काम आम्हाला मिळालं. पण परत येताना एक्स्प्रेसवेवर मी कुणाशी एक अक्षर बोलले नाही.

तुमच्याकडे तर असाइनमेंट करून दिलेले नऊ जण अजून उत्तरासाठी थांबलेत. त्या सहा एआयवाल्यांनाही कळवा, टोमणा न मारता.

आता त्या हिंजवडीच्या बाईंचं. त्यांनी तुम्हाला मोफत सल्ला दिलाय, बायकोने दिलाय तोच. आठ वर्षं मुरलेला माणूस ‘नाही’ म्हणताना कारण लिहून पाठवतो, हे तुम्हाला कामावर हवंच आहे. उद्या संचालक मंडळ काहीतरी अचाट मागेल तेव्हा असंच दोन ओळींत उत्तर देणारं कुणीतरी तुमच्या बाजूला बसलेलं असावं. ईमेलला साधारण असं उत्तर पाठवा:

‘नमस्कार. तुमचं म्हणणं बरोबर आहे. आधी बोलायला हवं होतं, आणि आमच्या पुढच्या कामातला विषय द्यायला नको होता. ती असाइनमेंट आम्ही सगळ्यांसाठीच मागे घेतली आहे. या आठवड्यात तुमच्या सोयीने वीस मिनिटं फोनवर बोलू या का? कंपनी, काम, पगार, जे विचारायचं ते विचारा. त्यानंतर दोघांनाही पुढे जावंसं वाटलं तर आमच्या एका जुन्या, सुटलेल्या अडचणीवरचं दोन तासांचं काम आहे. घरी करा, किंवा कोल्हापूरला याल तेव्हा ऑफिसात.’

शब्द तुमचे घाला, माझे नकोत. आणि फोनवर पगाराचा आकडा पहिल्या पाच मिनिटांत सांगा. हिंजवडीच्या आणि कोल्हापूरच्या आकड्यांत फरक असणार हे त्यांनाही माहीत असेल. पण तो नेमका किती, हे असाइनमेंट झाल्यावर कळलं तर ते दोन तासही फुकटच गेले म्हणायचे.